चार बोटं वाळू

लोकांच्या घरातले आणि दवाखान्यातले समुद्र धुऊन देणं हा माझा धंदा. खाऱ्या पाण्याच्या टाक्या, त्यात जिवंत प्रवाळ, दगड, मासे. आठवड्यातून एकदा जायचं, पाणी तपासायचं, काचा खरवडायच्या, नळी लावून घाण ओढून काढायची आणि मालकाने आठवडाभरात काय काय उद्योग करून ठेवलेत ते शांतपणे ऐकून घ्यायचं. म्हणजे शांतपणे ऐकायचं ठरवून जायचं. एकवीस वर्षं झाली. माझं तोंड जरा तिखट आहे, पण माझ्या हाताखाली मासे मरत नाहीत, म्हणून लोक बोलावतात आणि चार शब्द ऐकूनही घेतात.

माझं एक मत मी कुणी न विचारता सांगते. टाकीच्या तळाला वाळू नको. पाहुणे दारात आल्यावर कोचाखाली ढकललेला केर, तशी असते ती वाळू. वरून पांढरीशुभ्र, बघणारा हरखून जातो, आणि खाली विष्ठा, उरलेलं खाणं, मेलेले किडे, काय काय वर्षानुवर्षं कुजत पडतं. त्यापेक्षा तळाला नुसती काच ठेवावी आणि पंप जोरात लावावेत. जी घाण पडेल ती डोळ्यांदेखत पडते. नळीने उचलली की विषय संपला. सुरुवातीला उघडंबोडकं दिसतं हे खरं, पण पुढे काचेवर शेवाळाचा जांभळा थर धरतो आणि मग कुणाची तक्रार राहत नाही. माझ्या एकोणतीस टाक्यांपैकी अठ्ठावीस तशा होत्या. एकोणतिसावी माझ्या आईची.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. पुढच्या खोलीत मधोमध तिची लोखंडी खाट, आणि समोरच्या भिंतीला मी बसवलेली टाकी, तिला पडल्यापडल्या दिसेल अशी. वाळू तिनेच मागितली. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं तर म्हणाली, "तुझी काच तुझ्यापाशी ठेव. मला बघायला काहीतरी घरासारखं दिसू दे." चार बोटं वाळू टाकली.

वाळू होती म्हणून तिला पिवळी ठेवता आली. पिवळी म्हणजे बोटाएवढा, लिंबाच्या सालीसारखा पिवळाधमक मासा. ही जात झोपायला वाळूत शिरते. टाकीचा दिवा संध्याकाळी सातला आपोआप बंद व्हायचा. त्याच्या जरा आधी पिवळी एक गिरकी घ्यायची आणि डोकं खाली करून वाळूत गडप. सकाळी दिवा लागला की वर. आईने आपला दिवस तिच्यावर लावून घेतला होता. पिवळी आत गेली की म्हणायची, "चला, माझीही वेळ झाली," आणि डोळे मिटायची. अप्पा, माझे वडील, शेजारच्या खुर्चीत बसलेले असायचे. खाट एका माणसाची होती. दोन वर्षं ते त्या खुर्चीतच झोपले.

अप्पांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. ज्याला नट-बोल्ट नाही त्याच्यावर त्यांचा विश्वास नाही. मला ते 'फौजदार' म्हणतात. कौतुकाने म्हणतात की वैतागून, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

आई गेली आणि दुसऱ्याच रविवारी मी घर आवरायला काढलं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. टाकीतली जुनी वाळू एका दिवसात काढत नाहीत. कधीच नाही. आठवड्याला तळहाताएवढी पट्टी उचलायची, थांबायचं, मग पुढची. खाली साठलेलं विष एकदम पाण्यात सुटलं तर टाकी संध्याकाळपर्यंत मरते. शिवाय ज्यांचं घर त्या वाळूत असतं त्यांना ती जातेय हे कळायला वेळ द्यावा लागतो. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते. एकाने घाई केली होती, त्याला मी त्याच्या बायकोसमोर झापलं होतं.

आणि त्या रविवारी मी सगळं एका दुपारी काढलं. खाट, गादी, औषधांचा खोका, भांडं, हवेची उशी, तिचे गाऊन. न्यायला टेम्पो आला होता. मग बादल्या घेऊन वाळूला लागले. खालचा थर काळाकुट्ट निघाला, सडक्या अंड्यांचा वास घरभर सुटला, आणि खरं सांगते, मला त्याचा आनंद झाला. बघा, म्हटलं, हे होतं खाली.

अप्पा स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून बघत होते.

"सगळं आजच?" त्यांनी विचारलं.

"एकदाच काय ते होऊन जाऊ दे, अप्पा. रोज रोज कशाला?"

"तू म्हणतेस तर," एवढंच म्हणाले.

मला ती रिकामी खाट बघवत नव्हती, हे खरं कारण. ते मी त्यांना सांगितलं नाही.

मासा एकही मेला नाही. नशीब. पिवळीची सोय म्हणून मी एका काचेच्या वाडग्यात ताजी वाळू भरून कोपऱ्यात ठेवली. बिनवाळूच्या टाकीत अशा माशांना लोक तसंच ठेवतात, आणि दोन दिवसांत ते शिकतात.

मंगळवारी गेले तर तळ स्वच्छ होता. मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट झालं. उघड्या तळावर दोन दिवसांत घाण दिसलीच पाहिजे, ती दिसावी म्हणून तर वाळू काढायची. इथे काच आरशासारखी. मी गुडघ्यावर बसून बघायला लागले आणि हळूहळू लक्षात आलं की एकही मासा तळाशी जात नाहीये. वरून सूर मारत येत, एका ठरावीक उंचीवर पोट आडवं करत आणि पुन्हा वर जात. शंखवाल्या गोगलगायी काचेवरून खाली सरकत येत आणि त्याच उंचीवर वळत. तळापासून चार बोटं.

घाण पण सापडली. ती त्याच उंचीवर, मधल्या पाण्यात पडली होती. तरंगत नव्हती, पडली होती. पंपाच्या झोताने कोपऱ्यात ढीग लागतो तसा नीट ढीग लागला होता, आणि त्याच्या खाली नुसतं पाणी.

मी बाही वर करून हात घातला. माझ्या हाताला काहीच लागलं नाही. बोटं थेट काचेला टेकली. हाताच्या हालचालीने घाण उडाली, आणि मी हात काढल्यावर हळूहळू खाली येऊन पुन्हा चार बोटांवर बसली.

हात पुन्हा घालायचा धीर होईना. पण मी एकवीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवलंय, मी थोडीच घाबरणार? माशांच्या दुकानदाराला फोन लावला. त्याला घाणीचं सांगितलं नाही, माशांचं तेवढं सांगितलं.

"अहो बाई, नवी काच चकाकते," तो म्हणाला. "त्यांना खाली दुसरे मासे दिसतात. थर धरू दे, विसरतील. हे मला तुम्हीच सांगितलंय पूर्वी."

"मग जुन्या माशांना सवय असेल असं धरू. एक नवा दे. कधी वाळू न बघितलेला."

त्याने एक निळा मासा दिला. त्याच्या दुकानातल्या उघड्या काचेवरच वाढलेला. मी पिशवी आणून टाकीत सोडली. तो तळाकडे सुसाट गेला आणि चार बोटांवर थबकला. तोंडाने टोचून बघितलं. मग त्या उंचीवर पोट टेकून दम खात बसला, नवीन मासे तळाशी बसतात तसा.

"सात सेंटीमीटर," अप्पा मागून म्हणाले.

मी दचकले. त्यांच्या हातात पोलादी टेप होती.

"चारही कोपऱ्यांत मोजलं. एक सूतही फरक नाही. अगदी लेव्हल." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "लिफ्ट इतकी बरोबर थांबली असती तर माझं आयुष्य सुखात गेलं असतं."

"तुम्हाला कधीपासून दिसतंय हे?"

"तू गेलीस त्याच संध्याकाळपासून. पिवळी रोज जाते ना आत. तिच्या वेळेला."

"वाडग्यात?"

"वाडग्याकडे ढुंकून बघत नाही ती."

मी थांबले. सातला पाच मिनिटं असताना पिवळी मधोमध आली, गिरकी घेतली, डोकं खाली केलं आणि चार बोटांच्या रेषेवर आधी तोंड, मग अंग, मग शेपटी, अशी नाहीशी झाली. खालची काच स्वच्छ दिसत होती. मी टॉर्च लावला. आरपार उजेड गेला. काही नाही.

"उद्या येईल वर," अप्पा मला समजावत म्हणाले. मलाच!

ते खुर्चीकडे वळले आणि तेव्हा मी त्यांचं चालणं बघितलं. टाकीपासून खुर्ची सरळ पाच पावलांवर. अप्पा भिंतीला धरून गेले, कपाटापाशी अंग तिरकं करून वळले, मग दोन पावलं मागे आले. पूर्वी खाटेचा कोपरा गुडघ्याला लागायचा तिथेच ते तिरके झाले.

"अप्पा, खाट गेली," मी म्हटलं.

"माहितीये. टेम्पोत चढवताना मीच नाही का हात लावला?"

आणि पाणी आणायला उठले तर पुन्हा वळसा घालूनच गेले. मी हसले. हसत हसत पिशवी उचलायला गेले आणि माझेही पाय भिंतीकडून गेले.

सवय, मी स्वतःला बजावलं. माणूस सवयीचा गुलाम. दोन वर्षं जिथून फिरलो तिथूनच पाय जाणार.

पुढच्या आठवड्यात मी तिथे असताना गॅसची नळी तपासणारा माणूस आला. घरात पहिल्यांदाच येत होता. वही बघत, घाईत, दारातून सरळ स्वयंपाकघराकडे निघाला. खोलीच्या मध्यात "आई गं" म्हणून ओरडला आणि वाकून गुडघा चोळायला लागला. मग खाली बघितलं. फरशी. त्याने माझ्याकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं.

"लागलं का?" अप्पांनी अगदी यजमानासारखं विचारलं. "इकडून या, भिंतीकडून."

तो बिचारा भिंतीकडून गेला. परत जाताना सही घ्यायची पण विसरला.

मला मग अजिबात करमेना. कुठेही गेले, कुणाच्याही टाकीत हात घातला, की अप्पा त्या घरात एकटे आहेत एवढंच डोक्यात. फोनवर त्यांचा आवाज चांगला येई. त्यानेच मला भीती वाटे. आई गेल्यावरच्या पहिल्या दिवसांत ते खचलेले होते, ते मला समजत होतं. आता त्यांच्या बोलण्यात उल्हास होता. मात्र जेवण कमी झालं होतं, शर्ट खांद्यावरून उतरायला लागला होता, आणि विचारलं तर म्हणत, "भूक नाही गं. झोप मात्र छान लागते."

"खुर्चीत?"

यावर ते विषय बदलत.

एका बुधवारी सकाळी त्यांचाच फोन आला. "पिवळी आज वर आली नाही."

मी हातातलं काम टाकून गेले. वाडगा उपसला, एकेक दगड उचलून बघितला, फेस काढणारं यंत्र उघडलं, टाकीमागची जमीन पुसून काढली. असे मासे उडी मारून बाहेर पडतात, वाळून काडी झालेले सापडतात. पिवळी नाही सापडली. दिवसभर थांबले. संध्याकाळी दिवा गेला, सकाळी लागला. दुसरा दिवस गेला.

"शोधू नकोस," अप्पा म्हणाले. "तिला तिथे बरं वाटलं असेल."

"तिथे म्हणजे कुठे, अप्पा? खाली काच आहे!"

"तुझ्यामाझ्यासाठी आहे."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि फौजदारी सोडून पहिल्यांदा हात जोडले. म्हटलं, "माझ्याकडे राहायला चला. आजच. हे घर बंद करू. मला भीती वाटतेय तुमची. तुम्ही पण असेच..."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती तरी वर्षांनी.

"येतो," ते म्हणाले. "एकदम नको. तुझाच नियम आहे ना, थोडं थोडं काढायचं? रविवारी ये न्यायला."

मी त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली. पुन्हा घाई केली, ते माझं पहिलं चुकलं. दुसरं, मी त्यांना तिथे ठेवून निघाले.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी फोन उचलला नाही. तीनदा केला. चौथ्यांदा मी रिक्षात होते.

माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं तेव्हा सात वाजायला जेमतेम मिनिट राहिलं होतं. खिडकीतून अजून बाहेरचा उजेड येत होता आणि टाकीचा निळा प्रकाश खोलीभर हलत होता. खुर्ची रिकामी होती. अप्पा खोलीच्या मधोमध, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, कुशीवर निजले होते. एक हात गालाखाली. चपला खाली फरशीवर नीट जोडून ठेवलेल्या. ते अगदी कडेला होते. अंग चोरून, पाठ बाहेर काढून, शेजारच्याला जागा पुरावी म्हणून माणूस निजतो तसे.

मी खाली वाकून त्यांच्या अंगाखालून हात फिरवला. या बाजूने त्या बाजूला मोकळी हवा.

"अप्पा!"

"हळू बोल, फौजदार," त्यांनी डोळे न उघडता सांगितलं. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"अप्पा, उठा. माझ्या घरी चला. बॅग भरलीये."

"सकाळी."

"पिवळी आली का सकाळी? सांगा ना, आली का?"

ते गालात हसले. तो चेहरा मी दोन वर्षांत बघितला नव्हता. खुर्चीत अवघडलेल्या, रात्रीतून दहादा उठणाऱ्या माणसाचा तो चेहराच नव्हता.

टाकीचा दिवा टक्कन गेला, आणि अप्पा खाली जायला लागले. पडत नव्हते. मऊ गादीत अंग हळूहळू रुततं तसे जात होते, आणि जेवढे रुतत होते तेवढे दिसेनासे होत होते. आधी खालचा खांदा गेला, मग गालाखालचा हात, मग कान. त्यांच्या खालची फरशी मला स्वच्छ दिसत होती. मीच फिनाइल घालून पुसलेली.

मी त्यांचा वरचा हात पकडला. दोन्ही हातांनी, सगळं बळ लावून. सत्तर किलोच्या टाक्या मी एकटीने उचलते, पण अप्पा जागचे हलले नाहीत.

"आई," मी ओरडले, "आई, ऐक. चुकलं माझं. मला ती रिकामी खाट बघवत नव्हती म्हणून काढली गं. तुला काढायचं नव्हतं मला. एका दिवसात सगळं ओरबाडून काढलं, मला कळत होतं असं करायचं नसतं, तरी केलं. माझ्यावर चीड, काय हवं ते कर. पण त्यांना ठेव. मला आता दुसरं कुणी नाही."

अप्पांचा वरचा खांदाही गेला, कोपर गेलं. मी सोडलं नाही. त्यांच्या मनगटाबरोबर माझे हातही त्या उंचीपर्यंत आले, आणि आजपर्यंत जिथे मला काहीच लागलं नव्हतं तिथे पहिल्यांदा लागलं. चादर होती. धुऊन धुऊन मऊ पडलेली, दोन माणसांच्या अंगाने कोमट झालेली. माझी बोटं तिच्यात शिरली आणि मला दिसेनाशी झाली. आत मी अप्पांचा हात घट्ट धरून होते.

मग कुणीतरी माझी बोटं सोडवायला लागलं. जोर नव्हता, राग नव्हता. करंगळी आधी, मग तिच्या शेजारचं बोट, एकेक करून. लहानपणी झोपेत मी आईचा हात धरून ठेवायचे. तिला उठायचं असलं की ती अशीच करंगळीपासून सुरुवात करायची, मला जाग येऊ नये म्हणून. तेव्हा मला कधीच कळलं नाही. त्या संध्याकाळी शेवटचं बोट सुटेपर्यंत मी जागी होते.